अकरा सेकंद

पेशंटचं ऐकावं कसं, हे नव्या डॉक्टरांना शिकवण्याचा वर्ग मोठे डॉक्टर सव्वीस वर्षं घेत होते. त्यांचा जीवच होता त्या वर्गावर. यंदा इस्पितळाने नियम काढला: मानसोपचारतज्ज्ञांनी एकमेकांच्या तपासणीला शेजारी बसायचं आणि अभिप्राय द्यायचा. वर्ग कुणाकडे राहणार, ते त्यावर ठरेल. मोठ्या डॉक्टरांच्या वाट्याला त्यांचीच जुनी विद्यार्थिनी आली, आता पिकलेल्या केसांची डॉक्टरीणबाई. ते निर्धास्त होते.

त्या सकाळचे पहिले पेशंट होते निवृत्त पोस्टमनकाका. बाईंनी कोपऱ्यात बसायला त्यांची ना नव्हती.

"झोप आता—" काकांनी सुरुवात केली.

"येत नाही. ठाऊक आहे मला," डॉक्टर मायेने म्हणाले आणि मागच्याच गोळ्या पुन्हा लिहून दिल्या.

दुपारी दोघं अभिप्रायाला बसली.

"कसं वाटलं, सर?"

"तुला काय वाटतं, मला कसं वाटलं असेल?"

"हा प्रश्न तुम्हाला का पडला असावा?"

दोघंही धंद्यात मुरलेली. अशी पंचवीस मिनिटं गेली, चहा निवून गेला. शेवटी बाईंनी कागद पुढे सरकवला.

"सर, पेशंटला तुम्ही सलग बोलू देता ते सरासरी अकरा—"

"मिनिटं! थोडी कमीच झाली."

"सेकंद."

"घड्याळ बिघडलंय तुझं. मी कुणाला मधेच—"

"सर, आत्तासुद्धा—"

"तोडतच नाही!"

बाईंनी मनगटावरचं घड्याळ पुढे धरलं. तेव्हा कुठे डॉक्टरांना स्वतःचा आवाज ऐकू आला. कान लाल झाले. वर्ग हातचा गेला, असं मनाने घेतलं.

"पुढच्या खेपेला पुन्हा बस," ते पुटपुटले. "मग लिही काय लिहायचं ते."

पुढच्या खेपेला त्यांनी खोकल्याची भलीमोठी गोळी तोंडात धरली.

"झोप आता—" म्हणून काका सवयीने थांबले. डॉक्टरांनी गोळी या गालातून त्या गालात नेली. काकांनी बाईंकडे पाहिलं, छताकडे पाहिलं, आणि भीत भीत वाक्य पुरं केलं, "—छान येते हो. आठ महिने झाले."

डॉक्टरांनी गोळी अख्खी गिळली.

"अहो, मग सांगितलं का नाहीत? आणि ती औषधं?"

"कपाटात आहेत. एकही घेतली नाही. तुम्ही इतक्या आपुलकीने वाक्य पुरं करायचात, मोडता घालवेना."

बाईंनी तोंडापुढे वही धरली. वहीतच लिहिलं: 'वर्ग सरांकडेच ठेवावा. चूक कशी होते, हे इतक्या अनुभवाने दुसरं कोण सांगणार?'

वर्गाच्या पहिल्या दिवशी डॉक्टरांनी सगळ्यांना खोकल्याची एकेक गोळी वाटली, एक स्वतःच्या तोंडात टाकली आणि मागच्या बाकावर जाऊन बसले. समोरच्या खुर्चीत पोस्टमनकाका होते. ते पाऊण तास बोलले.