डाव्या हाताची दोरी

वायरमनने तिसऱ्यांदा बटण दाबलं आणि लेथ तिसऱ्यांदा उलटी फिरली.

"मास्तर, कुठल्या शहाण्याने जोडल्यात हो ह्या वायरी?" त्याने कपाळाला हात लावला.

मास्तरांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. ते कुठल्या शाळेत शिकवत नव्हते; हात इतका नेमका होता की लोकच त्यांना मास्तर म्हणायला लागले. दारातल्या खुर्चीत बसलेली बायको मात्र हसली. ह्यांच्याशिवाय त्या मशीनला हात लावायची कोणाची बिशाद आहे, असं तिने वायरमनला ऐकवलं.

सव्वीस वर्षांपूर्वी कारखाना बंद पडला, तेव्हा मास्तरांनी तिथलीच लोखंड कातायची जुनी लेथ घरामागच्या खोलीत आणून बसवली होती. लेथला हवी तीन फेजची वीज आणि गल्लीत येत होती एकच. अर्ज केले, खेटे घातले, काही उपयोग झाला नाही. मग कोणीतरी युक्ती सांगितली. एक मोठी जुनी मोटर जमिनीवर मोकळीच बसवायची. ती स्वतः काम काहीच करत नाही, पण फिरत राहिली की उरलेल्या फेजांची भरपाई करते आणि तिच्या जिवावर लेथ चालते. अडचण एवढीच की ती आपणहून हलत नाही. पुलीला दोरी गुंडाळून कोणीतरी हिसका द्यायचा आणि वेग असतानाच दुसऱ्याने खटका टाकायचा.

बायकोने त्या मोटरचं नाव जावईबापू ठेवलं होतं. नुसतं बसून राहायचं, पण आधी मान दिल्याशिवाय हलायचं नाही. रोज सकाळी डोळेही न चोळता ती पदर खोचून यायची, दोरी गुंडाळायची. मास्तर खटक्यापाशी उभे राहून विचारायचे, "हं?" ती हिसका देऊन म्हणायची, "ओढली." लगेच ते खटका टाकायचे आणि खोली गुणगुणायला लागायची. काय दिवस होते ते! भांडण झालेलं असलं, अगदी बोलणं बंद असलं, तरी तेवढे दोन शब्द व्हायचेच, आणि मग रुसवा फार टिकायचा नाही.

चार महिन्यांपूर्वी तिची डावी बाजू गेली. पाय सावरला, हात नाही. तेव्हापासून लेथ बंद होती. मास्तरांना एकट्याने कसंबसं जमवता आलं असतं, पण तिच्यादेखत ती दोरी हातात घेणं त्यांच्या जिवावर यायचं. शेवटी लेकीने एक नवा विजेचा डबा पाठवला; वायरमन आज तोच जोडत होता. बटण दाबलं की एका फेजच्या तीन होतात, ना मोटर लागत ना दोरी. लेथ सुरू व्हावी असं मास्तरांना मनापासून वाटत होतं. पण आता आपली गरज उरली नाही असं हिच्या मनात आलं तर, ह्या धास्तीने त्यांना सकाळपासून चैन नव्हतं.

वायरमनने पाना काढला आणि लेथच्या मोटरचं झाकण उघडायला घेतलं. दोन वायरींची अदलाबदल केली की झालं, असं तो म्हणाला.

"तिथे हात लावायचा नाही," मास्तर म्हणाले. "काय बदलायचं ते तुमच्या डब्याच्या बाजूला बदला."

"अहो, चूक इथे आहे ना पण."

"चूक नाही ती."

असा हट्ट कशासाठी, असं बायकोनेही विचारलं. आता सांगणं भाग होतं. मास्तर लेथकडेच बघत बोलले. ती डावरी; पहिल्या दिवशी तिने डाव्या हाताने दोरी उलट बाजूने गुंडाळली, म्हणून मोटर उलटी फिरली आणि लेथही. ती हात धुवायला नळावर गेली, तेवढ्यात त्यांनी लेथच्या दोन वायरींची अदलाबदल करून टाकली; म्हणूनच आता डब्याच्या सरळ विजेवर ती उलटी फिरत होती.

"म्हणजे इतकी वर्षं मी उलटी ओढत होते?"

"तू बरोबरच ओढत होतीस. लेथ उलटी होती, ती मी सरळ केली."

"मला सांगायचं तरी."

"किती खुशीत होतीस तू त्या दिवशी. तळहात सोलवटलेले, तरी हसत होतीस. कसं सांगणार?"

तिने मांडीवरचा डावा हात उजव्याने उचलून नीट ठेवला. मग अगदी साध्या आवाजात म्हणाली, "तेव्हा सांगितलं असतं तर उजव्याने शिकले असते. आज ओढता आली असती."

हे मास्तरांच्या कधी मनातच आलं नव्हतं. ते उगाच लेथ पुसत राहिले. वायरमनने मुकाट्याने डब्याकडच्या वायरी बदलल्या. जाताना त्याने जुनी मोटर भंगारात नेऊ का विचारलं. दोघंही एकदमच नाही म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तरांनी लेथमध्ये लोखंडाचा तुकडा आवळला आणि ते हिरव्या बटणापाशी जाऊन उभे राहिले. बोट बटणावर होतं, पण दाबवेना. सवयीने तोंडातून निघून गेलं, "हं?"

दारातल्या खुर्चीत तिने उजवी मूठ वळली, हवेतच एक हिसका दिला.

"ओढली," ती म्हणाली.

मास्तरांनी बटण दाबलं.