ओनिसिफोरची हाडं

फावडं लाकडाला लागलं तसा मी थांबलो. वर परास्किवावहिनी वाइनची बाटली आणि पांढरं कापड छातीशी धरून उभ्या होत्या. पुरून सात वर्षं झाली की आमच्याकडे मेलेल्याला उकरतात, हाडं पाण्यानं, वाइननं धुतात आणि पुन्हा पुरतात. तीस वर्षं मी हेच काम करतोय.

ही कबर वहिनींच्या नवऱ्याची, ओनिसिफोरची; तो माझा मित्र. तळ्यातल्या बेटावरच्या चर्चमध्ये जुन्या व्लाद राजाची कबर आहे म्हणतात, तिथं तो परदेशी पाहुण्यांना होडीनं न्यायचा. राजा उठतो, रक्त पितो, अशा थापा मारायचा. पाहुणे घाबरले की पैसे देताना हात सैल सोडायचे. राजा कडक होता, चोरांना सुळावर द्यायचा, पण रक्त पीत नव्हता, हे आमच्यातलं शेंबडं पोरही सांगेल. वहिनी म्हणायच्या, मेलेल्याला बदनाम करून पोट भरू नका. तो नुसता हसायचा.

तो गेला आणि गावानं त्याचीच गोष्ट त्याला चिकटवली. शेजारच्या झम्फिराची दोन वासरं मेली, तर म्हणे ओनिसिफोर उठतो. तिची सून खोकू लागली, तेही त्याचंच काम. सात वर्षं वहिनींच्या घरचं पाणी कुणी प्यायलं नाही. आज प्रेत न कुजता अख्खं निघालं तर तो उठतो हे खरं, मग त्याच्या काळजात सूत कातायची लोखंडी चाती खुपसायची, असं ठरलं होतं. ती चाती झम्फिराच्या ओच्यात होती. खड्ड्यातूनही मला तिचं टोक दिसत होतं.

"भाऊजी, आधी मला सांगा," वहिनी म्हणाल्या. "लोकांना मग."

मी फळी उचलली. आत हाडं होती. नुसती हाडं, मेणासारखी पिवळी. शेकड्यांनी हाडं काढली मी, पण इतकी निर्मळ कधी पाहिली नाहीत. एवढा थापाड्या माणूस, आणि मातीनं त्याचं काही म्हणून वाईट उरू दिलं नव्हतं. 

"वहिनी," मी म्हणालो, "सुटला तो."

त्या काठावर बसल्या. कवटी मांडीवर घेतली आणि तान्ह्याला न्हाऊ घालावं तशी धुऊ लागल्या. प्रार्थनेसाठी आलेले फादर ती सुरू करायचंच विसरले. झम्फिरा पुढे आली आणि तांब्यानं पाणी ओतू लागली. 

दुपारी वहिनी मला म्हणाल्या, बेटावर घेऊन चला. राजाच्या कबरीत कुणीच नाही, असं शिकलेले लोक म्हणतात. वहिनींनी तिथल्या शिळेवर मेणबत्ती लावली.

"महाराज, माझ्या नवऱ्यानं तुमचं नाव नासवलं," त्या म्हणाल्या. "तो आज धुऊन निघाला. तुम्हाला कोण धुणार?"

बाटलीतली उरलेली वाइन त्यांनी शिळेवर ओतली, डोक्याचा रुमाल सोडला आणि पुसायला बसल्या. बाहेर पाहुण्यांची होडी लागली, तरी त्या पुसतच होत्या.