दाराआडून ओ

ओबो या विलायती सनईची रीड, म्हणजे फुंकायची पत्ती, जिभेवर भिजवत ती दाराशी येऊन उभी राहिली, तेव्हा दारावरच्या काकांनी दार वीतभर उघडून त्यात आपला बूट अडकवला. आत मंचावर सगळा वाद्यवृंद तालमीला बसला होता. बाहेर बोळात ती, काका आणि कुणीतरी भिंतीला टेकवून ठेवलेल्या मोडक्या खुर्च्या.

"आज तरी एका दमात उरकू दे," काका पुटपुटले. "पाय आखडतो माझा."

आज वाजवायच्या, बर्लिओझ या फ्रेंच संगीतकाराच्या अवाढव्य सिंफनीत तिसरा भाग सुरू होतो तेव्हा दोन गुराखी एकमेकांना साद घालतात. एक मंचावरून, इंग्लिश हॉर्नमधून. दुसरा लांबून, ओबोमधून. लांबचं लांबचंच वाटावं म्हणून ओबोवाल्याला मंचाबाहेर पिटाळतात. इंग्लिश हॉर्न म्हणजे ओबोचाच थोरला भाऊ, खालच्या पट्टीतला आणि जरा रडव्या आवाजाचा. तो वाजवायला तिचा नवरा बसला होता. ती वाद्यवृंदात राखीव. तिचं आजचं काम एवढंच होतं, की बोळात उभं राहून नवऱ्याच्या हाकेला ओ द्यायची आणि घरी जायचं.

घरी मात्र सगळं उलटं होतं. तिथे हाका तिच्या असायच्या आणि ओ कधी यायची नाही. चहा ठेवू का, याला उत्तर नाही. नळवाला येऊन गेला, यावर हूं की चूं नाही. आधी ती भांडली. मग रुसली. आपण रुसलोय याचाही त्याला पत्ता नाही, हे कळल्यावर तिने तोही नाद सोडला. इतक्या वर्षांत रागाचासुद्धा कंटाळा येतो, आणि तो कंटाळा आता तिच्या हाडांत जाऊन बसला होता. सकाळी उठताना, जेवणाची ताटं मांडताना, दिवा मालवताना, सगळीकडे तोच.

आज सकाळी तो खिडकीपाशी बसून रीड तासत होता. तिने त्याच्या पाठीमागे उभं राहून एकदाचं सांगून टाकलं होतं, "रविवारी मी ताईकडे जातेय. सामान घेऊन." तो तासतच राहिला. तिने थोडी वाट पाहिली आणि आंघोळीला निघून गेली. चला, सुटलो, असं तिला वाटलं होतं. मग अंगावर पाणी घेता घेता ती रडली होती.

आत सुतळीने छडी उचलली. कंडक्टरला हे नाव वादकांनीच ठेवलं होतं. अंगाने किरकोळ, आणि कधी कुठे पीळ भरेल याचा नेम नाही. नवऱ्याची पहिली साद आली. काही म्हणा, वाजवायचा सुरेख. या एका गोष्टीवर ती कधीकाळी भाळली होती, आणि त्याबद्दल तिला अजून स्वतःचाच राग यायचा. तिने उत्तर दिलं. ते पुरं व्हायच्या आतच त्याची पुढची साद तिच्यावर येऊन आदळली.

छडी स्टँडवर टकटकली.

"तुम्ही घाई केलीत," सुतळी म्हणाला.

"बाहेरचं इथपर्यंत पोचत नाही नीट," नवरा म्हणाला.

"ठीक आहे. बाई, जरा मोकळा आवाज येऊ द्या. काका, दार अजून उघडा."

काकांनी बूट सरकवला. आता तिला फटीतून तो दिसत होता, आणि बोळातल्या अंधाराकडे वळलेली त्याची मानही. त्याने साद घातली. तिने ओबो उचलला, श्वास घेतला, बोटं पडली, आणि रीडमध्ये साचलेल्या पाण्याने घात केला. नुसती फुस्स. एक स्वर फुटेल तर शपथ. ती गडबडून रीड झटकू लागली.

आत तेवढाच वेळ गेला, जेवढा तिच्या उत्तराला लागला असता. मग नवऱ्याने पसंतीची मान डोलावली, जशी दुसऱ्याने एखादी जागा छान घेतली की वादक डोलावतात, आणि अगदी मऊपणे पुढची साद घातली.

आधी एक व्हायोलिनवाला हसला, मग सगळी रांग.

"अहो, कुणाला दाद देताय?" सुतळी म्हणाला. "तिकडून काही आलंच नाही."

नवऱ्याने हसणाऱ्या तोंडांकडे एकेक करून पाहिलं. मग तोही हसला, सगळ्यांच्या मागून.

"सवय हो," तो म्हणाला. "लग्नाला इतकी वर्षं झाली, काय उत्तर येणार ते पाठ असतं."

हशा आणखी वाढला. ती हसली नाही. त्याच्या कानांच्या पाळ्या लाल झालेल्या तिला फटीतून दिसत होत्या. जेवताना समोरासमोर बसलं की तो बोलायचा, हे तिला आत्ता आठवत होतं. स्वयंपाकघरातून हाक मारली की नाही. फोन वाजला की तो तिच्या हातात द्यायचा. तिला वाटायचं, हा आळस. तिच्या बहिणींना तो शिष्ट वाटायचा, कारण मागून कुणी बोललं तर वळायचासुद्धा नाही. आणि मग सकाळची खिडकी आठवली.

"काका, मी जरा पुढे उभी राहते."

"लोकांना दिसाल."

"नाही दिसणार. त्याला दिसेन."

ती चौकटीला खेटून उभी राहिली. उत्तर संपताना तिने ओबो जरा जास्तच खाली आणला, नवशिके आणतात तसा. नवरा अचूक आला. पुढच्या वेळीही अचूक.

"बघा, आलं की नाही ऐकू!" सुतळी खूश होऊन म्हणाला.

संध्याकाळी कार्यक्रमातही ती तिथेच, तशीच उभी राहिली. आपलं काम संपल्यावर ती नेहमी ओबो पुसून बसस्टॉप गाठायची, आज थांबली. या भागाच्या शेवटी पहिला गुराखी पुन्हा साद घालतो, आणि दुसऱ्याकडून काही येत नाही. लांबवर टिंपानीवर, त्या मोठ्या नगाऱ्यांवर, ढग गडगडतात, तेवढंच. तिला ते पाठ होतं, पण बोळातून कधी पाहिलं नव्हतं. नवरा साद घालून फटीकडे बघत होता. वाजवायचं काही नसताना ती ओबो छातीशी धरून उभी होती, आणि शेवटचा गडगडाट विरेपर्यंत तिला जागचं हलवलं नाही.

सिंफनी संपली, टाळ्या ओसरल्या, वादकांच्या खोलीतली गर्दी कोट चढवून पांगली. तो कोपऱ्यात बसून इंग्लिश हॉर्नमधून फडकं ओढत होता. तिने खुर्ची ओढली आणि त्याच्यासमोर गुडघ्याला गुडघा लागेल अशी बसली.

"कधीपासून?"

त्याने तिच्या तोंडाकडे पाहिलं, मग जमिनीकडे.

"डावा कान आधी गेला. उजवा सावकाश."

"मला सांगावंसं वाटलं नाही?"

"तू डॉक्टरकडे नेलं असतंस. मग सुतळीला कळलं असतं."

"म्हणून इतकी वर्षं मी तुला उद्धट समजत राहिले."

"उद्धट माणसाला कुणी कामावरून काढत नाही," तो म्हणाला.

तिला कीव आली, आणि कीव आली म्हणून संताप आला. एवढ्या वर्षांच्या अबोल्यात आला नव्हता इतका. हा माणूस नोकरी वाचवत होता, आणि त्याची किंमत रोज थोडी थोडी तिच्याकडून वसूल करत होता. पण भांडायला जी ताकद लागते ती कुठे राहिली होती? तिने नुसते डोळे मिटून घेतले.

"सकाळी तू माझ्यामागे उभी होतीस," तो म्हणाला. "काचेत दिसलीस. काहीतरी बोलत होतीस. मी वळलो तर गेलेली."

"मग येऊन विचारायचंस."

"काय विचारू? पुन्हा सांग म्हणून? दिवसातून किती वेळा विचारू?" त्याचाही आवाज थकलेला होता. "मोठं काही होतं का?"

कुणीतरी बाहेरून दिवे मालवत येत होतं. तिने त्याची हनुवटी धरून चेहरा स्वतःकडे वळवला. न ओरडता, एकेक शब्द सुटा करत ती म्हणाली, "रविवारी मी ताईकडे जातेय. सामान घेऊन."

शेवटच्या शब्दापर्यंत त्याने नजर हलवली नाही. हातातलं फडकं नळीत अर्ध्यावर अडकून राहिलं.

"किती दिवस?" त्याने विचारलं.

सकाळी याचं उत्तर तिच्याकडे तयार होतं. तो तिच्या ओठांकडे बघत थांबून राहिला.