आवाज चार

तिने हेडफोन चढवला आणि खोक्यातली शेवटची कॅसेट संगणकाला जोडलेल्या यंत्रात सरकवली. दैनिकाच्या कचेरीत आलेली नवी प्रणाली भारी कामाची होती. जुन्या पत्रकार परिषदांमधलं बोलणं ती भराभर लिहून काढी, प्रत्येक आवाजाला आकडा देई आणि हवा तो शब्द शोधून समोर ठेवी.

नदीवरच्या पुलाला तडे गेले होते. तरी त्यावरून शाळेच्या बस जातच होत्या, आणि मुख्य अभियंता छातीठोकपणे सांगत होते, "आमच्या कानावर हे कधी आलंच नाही." पुरावा आण, नाहीतर बातमी विसर, असं संपादकांनी तिला बजावलं होतं.

तिने 'पूल' असं टाइप केलं. पडद्यावर ओळींची रांगच लागली. विषय कचऱ्याचा असो की बागेच्या उद्घाटनाचा, आवाज चार एकच प्रश्न विचारत होता, "पुलाची तपासणी कधी झाली?" आणि आवाज एक, म्हणजे तेव्हा दुय्यम पदावर असलेले हेच अभियंता, दर वेळी म्हणत होते, "पाहू." पुढे कंसात, हशा.

तिने ते ध्वनिमुद्रण सुरू केलं. आधी कुणीतरी घसा खाकरला. तिने हेडफोन दोन्ही हातांनी दाबून धरला.

"साहेब, परत तेच विचारतो."

बाबा!

कचेरीत बाबांना सगळे 'तबकडी' म्हणत. एकाच जागी अडकलेली तबकडी. निवृत्तीच्या समारंभातही कुणीतरी ते बोललंच, आणि बाबांनी ते हसण्यावारी नेलं होतं. आता तिचा ऊर भरून आला. ती धावतच संपादकांना बोलवायला गेली.

संपादकांनी खुर्ची ओढली. ऐकता ऐकता त्यांनी चष्मा काढून हातात घेतला.

"सगळ्यांत मोठ्यांदा हसतोय, तो आवाज पाच?"

"कोण ते कळलं नाही, सर."

"मी आहे तो. लिही तिथे." मग खिडकीकडे पाहत म्हणाले, "जसंच्या तसं जाऊ दे. पहिल्या पानावर. हशासकट."

सकाळी गावभर तोच विषय होता. चहाच्या टपऱ्यांवर अंक पुरेनात. दुपारच्या आत पूल बंद झाला आणि अभियंत्यांनी घाईघाईने पत्रकार परिषद बोलावली.

बाबांनी बातमी दोनदा वाचली.

"झकास केलंस, पोरी. पण उत्तर कुठाय यात?"

ती काही बोलायच्या आत त्यांनी कपाटातून इस्त्रीचा शर्ट काढला होता.

सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. संपादक स्वतः उठले आणि त्यांनी बाबांना आपली खुर्ची दिली. अभियंत्यांचं निवेदन संपताच बाबा घसा खाकरत उभे राहिले.

"साहेब, परत तेच विचारतो."

कुणी हसलं नाही. अभियंत्यांनी पाण्याचा ग्लास उचलला, तसाच खाली ठेवला.

"पूल आजपासून बंद केलाय. तपासणीही लगेच—"

बाबा उभेच होते.

"तारीख, साहेब."