चढावरची गाडी

चपराशानं शिवगंगेच्या हातातला आसूड काढून घेतला आणि दाराबाहेरच्या कोपऱ्यात उभा केला.

"कोर्टात हत्यार चालत न्हाय."

"हत्यार कशाचं? म्या बैलाला बी मारत न्हाय त्यानं."

तिच्या मागं तिचा बाप हरिबा काठीवर भार टाकून उभा होता. डावा पाय गुडघ्याखाली वाकडाच सांधला गेला होता.

"शिवे, तोंड आवर," तो हळूच म्हणाला. "आत गेल्यावर हात जोडायचे. चुकलं म्हणायचं. सुटायचं."

"चुकलं असतं तर म्हणलं असतं, आबा."

पंधरा वर्षांची पोर. पण हरिबाचा पाय मोडल्यापासून, म्हणजे सात महिने, येडशी स्टेशनवरून धाराशिवला मिठाची पोती तीच आणत होती. बाईमाणसानं कासरा धरावा म्हणजे काय, असं म्हणून गावानं नावं ठेवायची तेवढी ठेवून झाली होती. तिला त्याचं काही नव्हतं. तिला बैल कळत होते, रस्ता कळत होता. गाडी गेली तर बैल विकले जातील आणि आपल्याला कुणाच्या तरी गळ्यात बांधून घरचे मोकळे होतील, हेही चांगलंच कळत होतं.

आत मुन्सिफसाहेब कागदात डोकं घालून बसले होते. समोर खुर्चीवर शिंदीच्या दुकानांचा गुत्तेदार बंडप्पा, एका पायावर दुसरा पाय टाकून. त्याच्या मागं त्याचा मोटारड्रायव्हर चाँदपाशा, टोपी हातात घेऊन. मुन्सिफसाहेबांचं बोलणं उर्दूतलं, म्हणून त्यांचे कारकून, पेशकार वसंतराव, दुभाषी म्हणून मधे उभे राहिले. भला माणूस. सकाळीच हरिबाला त्यांनी सांगून ठेवलं होतं, माफी मागितली की पाच मिनिटांचं काम.

वसंतरावांनी बंडप्पाची तक्रार वाचून दाखवली. रामलिंगाजवळच्या चढावर मोटारीनं भोंगा वाजवला. मुलीनं गाडी थांबवली नाही, बाजू दिली नाही. मोटार मागं घ्यावी लागली आणि तिचं चाक चरात गेलं.

"कसूर कबूल है?" मुन्सिफसाहेबांनी विचारलं.

"न्हाय," शिवगंगा म्हणाली. "भरली गाडी चढाला लागली की थांबत न्हाय. थांबली की मागं येती, अन् जुवाचा पट्टा बैलाच्या नरड्याला बसतो. उतरणाऱ्यानं बाजू द्यायची. हे समद्या गाडीवानांना ठावं हाय. मोटारीला ठावं नसंल तर तिनं शिकावं."

मागच्या बाकावर कुणीतरी खुदकन हसलं. वसंतरावांनी घसा साफ केला.

"हुजूर, लड़की नादान है. कहती है, ग़लती हो गई, माफ़ किया जाए."

हरिबानं सुटकेचा श्वास सोडला. मुन्सिफसाहेबांनी टाक उचलला.

स्टेशनवरच्या हमालांशी, बाजारातल्या बागवानांशी दिवसभर बोलणाऱ्या पोरीला एवढी भाषा कळणार नाही, असं वसंतरावांना का वाटलं कुणास ठाऊक.

"म्या माफी मागितली न्हाय," शिवगंगा म्हणाली. आणि मधे कुणी येऊ नये म्हणून सरळ साहेबांकडं तोंड करून म्हणाली, "माफ़ी नहीं माँगी मैंने. भरी गाड़ी चढ़ाव पे नहीं रुकती."

टाक हवेतच राहिला. वसंतराव कानापर्यंत लाल झाले. हरिबाची काठी फरशीवर सरकली.

"पोरी, माग की गं," तो म्हणाला. "थांबली असतीस घटकाभर तर काय झालं असतं?"

आता मात्र ती वळली, बापाच्या पायाकडं बोट केलं.

"तुमी थांबला व्हता की, आबा. त्याच चढाला. मोटारीसाठीच."

हरिबानं मान खाली घातली. चाकामागं दगड सारायला वाकलेला माणूस, आणि दगडावरून मागं आलेलं भरल्या गाडीचं चाक. घरात हे कुणी कधी मोठ्यानं बोललं नव्हतं. बोलून गेल्यावर तिलाही ते झोंबलं. पण शब्द परत घ्यायचा म्हणून तिनं घेतला नाही.

मुन्सिफसाहेबांनी काही वेळ बापाच्या पायाकडं पाहिलं. मग ड्रायव्हरकडं.

"तुम बताओ. गाड़ी रुक सकती थी?"

शिवगंगेला धीर आला. चाँदपाशा म्हणजे भूमच्या बाबामियाँ गाडीवानाचा पोरगा. जुवाखाली लहानाचा मोठा झालेला. त्याला काय सांगायला हवं होतं?

चाँदपाशानं टोपी या हातातून त्या हातात घेतली. बंडप्पा मागं न वळता नुसता खाकरला.

"रुक सकती थी, हुजूर."

ती त्याच्याकडं बघत राहिली. त्यानं काही तिच्याकडं पाहिलं नाही.

शिक्षा झाली. कोर्ट उठेपर्यंत तिथंच उभं राहायचं. आणि वसंतरावांनी, यावेळी एकही शब्द न बदलता, पुढचं सांगितलं: पुन्हा अशी तक्रार आली तर गाडीबैल जप्त.

दुपारी चपराशाला दया आली. "बस तिथं भिंतीला टेकून," तो म्हणाला. "साहेब बघत न्हाईत."

"उभं ऱ्हा म्हणलेत ना? मग उभी ऱ्हाती."

पाच वाजता कोर्ट उठलं. तिनं कोपऱ्यातला आसूड घेतला, बापाला हात धरून गाडीत बसवलं.  घरी गाडी सोडताना हरिबा म्हणाला, "भोंगा ऐकला की थांबत जा. माझी आण हाय."

ती बैलांना दावणीला बांधायला गेली.

पाचव्या दिवशी, सकाळी दहाच्या सुमाराला, मिठाची पोती घेऊन गाडी रामलिंगाच्या चढाला लागली. बैलांनी माना खाली घातल्या, खांदे जुवाला दिले. निम्मा चढ झाला आणि वरच्या वळणावर तीच मोटार दिसली. भोंगा वाजला. मागच्या सीटवर बंडप्पाचं पागोटं होतं.

 थांबायला जागा होती, चाकामागं सारायला दगडही पडलेले होते. मागच्या चाकाशी वाकलेला बाप शिवगंगेच्या डोळ्यांपुढं आला. तिनं कासरा सैल सोडला.

"चल, राजा. चल."

भोंगा पुन्हा वाजला, मग मधेच तुटला. मोटार रस्त्याच्या कडेला गेली, पार चराच्या काठापर्यंत, आणि थांबली. चाँदपाशा उतरला, पाण्याचा डबा घेऊन पुढं आला.

"क्या हुआ रे?" बंडप्पा आतून ओरडला.

"इंजन गरम हो गया, मालिक. ठंडा होने में टैम लगेगा."

उतरताना गरम झालेली मोटार शिवगंगेनं आजवर पाहिली नव्हती. गाडी करकरत जवळून गेली. वाफ नाही, धूर नाही. चाँदपाशा डब्याचं टोपणही न काढता, बैलांच्या पायांकडं बघत उभा होता. आणि त्याचा उघडा तळहात इंजिनाच्या पत्र्यावर निवांत टेकलेला होता.