सोनीची उन्हाळी

सोनीला लघवी हळदीच्या पाण्यासारखी पिवळीजर्द होत होती, आणि आग अशी की जीव नकोसा व्हावा. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. सासरा कोंडाजी म्हणजे उचलली जीभ लावली टाळ्याला. तो म्हणाला, "कावीळ झालेली पोर गळ्यात मारली आपल्या. धाडा माहेरी, आन् राहू द्या तितंच."

सासू गोजराबाईला ते पटेना. सून कामाला वाघ होती. शिवाय घरात चार शब्द बोलायला माणूस मिळालं होतं, ते तिला घालवायचं नव्हतं. तिनं सोनीला उजेडात नेऊन पापणी खाली ओढून पाहिली. डोळे स्वच्छ पांढरे. मग कावीळ कसली कपाळाची?

दिवस राबाचे. भाताच्या रोपांची जमीन भाजायला उतारावरची झुडपं तोडायचं काम चाललेलं. बापेमाणसं घटकेघटकेला पाण्याच्या मडक्याकडे वळत. दुपारी गोजराबाईनं सुनेला तांब्या भरून दिला. सोनीनं नुसते ओठ ओले केले आणि उरलेलं पाणी गुपचूप मागं ओतलं.

"का गं? आमचं पाणी कडू हाय का?"

सोनी मान वर करीना. "आत्याबाई, पिऊन जायाचं कुटं? समदा डोंगर आपणच बोडका केलाय."

गोजराबाईनं वर पाहिलं. खरंच, आडोसा म्हणून उरला नव्हता. राबाच्या दिवसांत बाईनं पहाटे जायचं, नाहीतर अंधार पडल्यावर; मधे पाणी नाही. तिच्या सासूनं तिलाही हेच शिकवलं होतं. दरवर्षी उन्हाळी लागायची, लघवीला अशीच आग व्हायची, ती सोसायची, आणि त्याला दुखणं म्हणतात हे तिच्या ध्यानातही आलं नव्हतं. तिला स्वतःचीच कीव आली, आणि मग चांगलाच राग आला.

तिचा लेक, सोनीचा नवरा बहिरू, करवंदीच्या शेवटच्या जाळीला कोयता लावत होता.

"ठिव ती!" ती ओरडली.

"काटं काय पुजायचेत?" कोंडाजी म्हणाला.

"बायकांना आडोसा पायजे. पोरीला उन्हाळी लागलीया, कावीळ न्हाई. तुमी बापे वड्याकडं तोंड करून बसा."

बायकोला एवढं बोलता येतं, हे कोंडाजीला ठाऊक नव्हतं. तो पुटपुटला, "मग माहेरी कशाला धाडायची," आणि ओढ्याकडं वळला.

सोनी तांब्याभर पाणी घटाघटा प्यायली. मग तो पुन्हा भरून तिनं सासूपुढं धरला.

"मला सवय हाय गं."

"प्या, आत्याबाई. मी हुबी राहते राखणीला."

आणि राबाच्या भर उन्हात गोजराबाई जन्मात पहिल्यांदा पोटभर पाणी प्यायली.