करंजाभोवतीची जाळी

मित्रांनो, झाडाभोवती उभी असलेली गोल लोखंडी जाळी तुम्ही रोज बघता आणि लगेच विसरता. त्यांतलीच मी एक, विश्रांतवाडीच्या स्मृतिवनातली जुनी जाळी. मला सुखदुःख फारसे कळत नाही. लोखंडाला ते कुठून कळणार? जे पाहिले तेवढे सांगते.

आमची बाग आधी उकिरडा होती. वस्तीतल्या बौद्ध कुटुंबांनी दर रविवारी खपून तो उपसला आणि ठरवले, की घरातले माणूस गेले की त्याच्या नावाने इथे एक झाड लावायचे. चंपाबाईंचा प्रज्ञेश एकोणिसाव्या वर्षी तापाने गेला. त्याच्या नावाने करंज लावला आणि शेळ्यांनी तो खाऊ नये म्हणून मला वेल्डिंगच्या दुकानात घडवून आणले. माझ्या पट्ट्यांवर त्याच्या नावाची पाटी बसवली. बागेच्या उद्घाटनाला पाहुणे आले, भाषणे झाली, फोटो निघाले. रोप वीतभर, त्यामुळे फोटोत सगळीकडे मीच.

काम मी चोख केले. शेळ्या, क्रिकेटचे चेंडू, टेकवलेल्या सायकली, सगळे अंगावर घेतले. दर स्मृतिदिनी वंदना झाली की चंपाबाई पदर खोचून मला रंगवायला बसत. आधी गंज घासायच्या, मग हिरवा रंग, मग पाटीवर पांढऱ्या रंगाने नाव. कधी रडल्या नाहीत. आई घरीही कुणाशी धड बोलत नाही, असे त्यांची मुलगी निकिता एकदा माळ्याला सांगत होती. मलाही काही वाटत नसे. आमचे दोघींचे बरे जमले होते.

वर्षे गेली. बरीच कुटुंबे लांबच्या फ्लॅटांत राहायला गेली आणि बागेत येणारे कमी झाले. झाडे मात्र वाढतच होती. माळी गेनबा जवळच्याच गावातले, शेतकऱ्याच्या घरचे. झाड जाणते झाले की ते त्याची जाळी कापत आणि नावाची पाटी कुंपणाच्या भिंतीवर लावत. माझी पाळी आली तेव्हा चंपाबाई आडव्या आल्या. माझ्या पोराचे नाव त्याच्या झाडापाशीच राहील, म्हणाल्या. गेनबा गप्प बसले.

करंज थोडाच गप्प बसणार होता! खोड माझ्या पट्ट्यांना टेकले, मग त्यांच्यामधून फुगून बाहेर आले. पुढे सालीने पट्ट्याच गिळायला सुरुवात केली. मी मुद्दाम आवळत नव्हते हो, होते तिथेच उभी होते. पण शेंड्याकडच्या फांद्या वाळायला लागल्या, तेव्हा कळले की ज्याला राखायचे त्याचाच जीव मी घेते आहे. तेवढे एकदा मला वाईट वाटले.

यंदा चंपाबाई ब्रश घेऊन बसल्या, तर निम्मे नाव सालीखाली गेलेले. त्यांनी गेनबांकडे छिन्नी मागितली. साल तासून त्यांना नाव मोकळे करायचे होते.

गेनबांनी छिन्नी आणून दिली आणि ते बाजूला उभे राहिले. "ताई, झाडाचा गळा आवळलाय. आता साल काढली, तर नाव ऱ्हाईल, झाड न्हाई ऱ्हायचं. पोरगं तुमचं हाय, मी अडवत न्हाई."

चंपाबाईंनी छिन्नी सालीवर टेकवली. शेजारी उभी असलेली निकिता हळूच म्हणाली, "आई, दादा परत एकदा नको जायला."

मग छिन्नी गेनबांच्या हाती परत देत चंपाबाई म्हणाल्या, "करवत आणा. नाव आत राहिलं तरी चालेल."

तासाभरात मला कापले. सालीत रुतलेले तुकडे आणि पाटी गेनबांनी तिथेच राहू दिली. ओढली असती तर खोड फाटले असते. मग चंपाबाईंनी करंजावर तळहात ठेवला. चौदा वर्षांत पहिल्यांदाच, कारण तोवर त्यांचा हात माझ्यावरच फिरत आला होता. त्या तशाच उभ्या राहिल्या आणि रडल्या.

मी आता भंगारात पडून आहे. दुखत काही नाही. मित्रांनो, झाड लावाल तेव्हा जाळी जरूर लावा. पण अधूनमधून जाळी आणि खोड यांच्यामध्ये बोट जाते का ते बघा. जात नसेल, तर जाळी कापा. ती स्वतःहून बाजूला होणार नाही.